सगळ्यांना पुरेल असं औषध

जन्माला आल्यापासून एकट्याने एक घासही न खाल्लेला माणूस दाखवा, अशी कुणी माझ्याशी पैज लावली, तर मी त्याला सरळ एसटीत घालीन आणि मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याशी, आमच्या मामांच्या ओटीवर नेऊन बसवीन. पैज मी जिंकणार यात शंकाच नाही. हरणाऱ्यालाही वाईट वाटायचं कारण नाही, कारण ओटीवर टेकल्या टेकल्या त्याला अर्धी सुपारी, अर्धा कप चहा आणि घरात जे काही शिजलं असेल त्यातलं अर्धं मिळेल. मामा हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आई सांगायची, की लहानपणी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, की पोर खायच्या ऐवजी दारात जाऊन उभं राहायचं. का, तर कुणीतरी येईल आणि मग दोघं मिळून खाऊ! तोवर उन्हाने गूळ वितळून कोपरापर्यंत ओघळायचा. मग आजी धपाटा घालायची आणि मामा रडत रडत तिलाच कोपर चाटायला द्यायचे.

मोठेपणी माणसाची अक्कल वाढते म्हणतात. मामांची दारात उभं राहायची सवय तेवढी वाढली. रायवळ आंब्याच्या दिवसांत हातात पिकला आंबा घेऊन हा माणूस रस्त्याच्या कडेला उभा! एकदा मुरबाडकडे निघालेल्या एका परक्या मोटरसायकलवाल्याला त्यांनी हात करून थांबवलं. बिचाऱ्याला वाटलं, पुढे अपघात झालाय. गाडी लावून तो धावत आला, तर मामा म्हणाले, "घे, अर्धा तू चोख, अर्धा मी चोखतो. कवाचा उभा हाय मी!" तो माणूस आधी घाबरला, मग हसला, मग चक्क बांधावर बसून आंबा चोखून गेला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला मामा-मामी जाऊन आले. चहा प्यायचा तर कप एकाला आणि बशी दुसऱ्याला, हा मामांच्या घरचा कायदा. शेतावर एकटे असले, तर भाकरीचा अर्धा भाग फडक्यात बांधून बांधावर ठेवायचे. "कोनतरी येल," म्हणायचे. आणि गंमत अशी, की कुणीतरी यायचंच. कुणी नाहीच आलं तर कावळा होताच.

मामांचा जीव दोन वस्तूंत. एक लाल खणाची, कप्प्याकप्प्यांची पानसुपारीची चंची आणि दुसरा म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला पितळी मुठीचा अडकित्ता. सुपारी कातरण्यासाठी अडकित्ता सगळेच वापरतात. मामा त्याने खारीक कापत, पेपरमिंट कापत, पेढा कापत, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एकदा त्यांनी मनुका कापली होती. मनुका! आमच्या वाडीत तेव्हा शाळा नव्हती, म्हणून माझी शाळेची पहिली वर्षं मामांकडे गेली. शाळा सुटून मी वळणावर दिसले, की मामा ओटीवरून चंची उघडायचे. तिच्या शेवटच्या कप्प्यात माझ्यासाठी कशाचा ना कशाचा तरी अर्धा तुकडा ठेवलेला असायचा. लिमलेटच्या गोळीचा, नाहीतर शेंगदाण्याच्या वडीचा, कुणाच्या तरी बारशाच्या पेढ्याचा. "आक्काच्या बायचा वाटा," असं म्हणून तो माझ्या हातावर ठेवायचे. आक्का म्हणजे माझी आई, आणि तिची बाय म्हणजे मी. त्या तुकड्याला कात, चुना आणि तंबाखू या तिन्हींचा वास असायचा. मी नंतर शहापूरच्या शाळेत शिकवायला लागले, निवृत्तही झाले, चांगल्या चांगल्या दुकानांतले पेढे खाल्ले. पण खरं सांगते, तंबाखूचा वास नसलेला पेढा मला अजून अळणी लागतो.

आणि हे वाटून खाणं फक्त गोडाचं नव्हतं हो. त्याच वर्षांत कधीतरी मला ताप आला होता. मामीने काडेचिराईताचा काढा केला आणि वाटी माझ्या तोंडाशी धरली. मी दात घट्ट मिटले. मामी रागावली, तिने नाक दाबून पाहिलं, मी तिला चावले. मामा शेतावरून आले, त्यांनी हातपाय धुतले, वाटी घेतली आणि अर्धा काढा घटाघटा पिऊन टाकला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की मला तापातही हसू फुटलं. "आता तुजा अर्धा," ते म्हणाले. "कडू एकल्यानं का खावा?" मग मी मुकाट्याने प्यायले. पुढे माझा ताप उतरेपर्यंत मामा रोज माझ्याबरोबर काढा पीत होते आणि मामी कपाळाला हात लावून म्हणत होती, "धडधाकट मानूस रोज काढा पितो, याला काय म्हनावं गो!"

अशा माणसाचं विसरणं सुरू झालं, ते आम्हाला बरेच दिवस कळलंच नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणं हे विसरभोळेपणाचं लक्षण म्हणतात. पण "जेवलीस का?" हे मामा तरुणपणीही एका भेटीत दहादा विचारायचे! बैल विकून वर्षं झाली तरी ते संध्याकाळी पेंढा घेऊन गोठ्यात जाऊन यायचे. आम्ही म्हटलं, सवय आहे. शेवटी एक दिवस मामीचा मला शहापूरला फोन आला. माझी आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मामी म्हणाली, "बाय, काल ह्यांनी सुपारीचे तीन वाटे केले. एक माजा, एक त्यांचा. मी म्हटलं तिसरा कोनाचा, तर म्हनतात आक्काचा. आक्का पान्याला गेलीय, आता येल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी होते.

कल्याणच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, आणि समजेल अशा भाषेत सांगितलं, की हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. गेलेलं परत येणार नाही, पण औषधाने काही काळ आहे ते टिकून राहायला मदत होऊ शकते. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मामांनी चंची उघडली, डॉक्टरांच्या टेबलावर सुपारी कातरली आणि अर्धी त्यांच्यापुढे केली. बाईंनी ती हातात घेतली आणि रुमालात बांधून ठेवली. मामा बाहेर येताना म्हणाले, "पोर सालस हाय. पन दात किडलेत वाटतं, खाल्ली नाय."

आणि मग सुरू झाला गोळ्यांचा गोंधळ. मामी सकाळी न्याहारीनंतर गोळी हातावर ठेवायची आणि पाण्याचा तांब्या आणायला आत वळायची. बाहेर येईतो गोळी चंचीत! का, तर समोर कुणी नाही, एकट्याने कशी खायची? मग दिवसभरात जो कुणी ओटीवर येईल त्याच्यासमोर ती गोळी निघायची आणि अडकित्त्याने तिचे दोन भाग व्हायचे. "घे, कल्यानची हाय. डोक्याला बरी असते." आमच्या गावात मामांच्या हातच्या तुकड्याला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. शेजारचे म्हातारे पाटील किती अर्ध्या गोळ्या गिळून बसले होते ते देवच जाणे. सरळगावचा एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचं बोलावणं करायला आला आणि अर्धी गोळी खाऊन अंगणातच ओकला. गावभर झालं, की नवऱ्या मुलाचा बाप दारू पिऊन फिरतो. लग्न मोडता मोडता राहिलं!

मामी काही कमी नाही. तिने गोळी कुस्करून वरणात कालवली. म्हटलं, आता काढ बघू वाटा! मामांनी पहिला घास घ्यायच्या आधी, रोजच्याप्रमाणे, आपल्या ताटातलं अर्धं वरण मामीच्या ताटात ओतलं. हे तिच्या लक्षातच आलं नाही, कारण लग्न झाल्यापासून ते असंच ओतत आलेले. म्हणजे पंधरवडाभर निम्मं औषध मामीच्या पोटात जात होतं. मामीची स्मरणशक्ती मुळातच भयंकर. तिच्या हळदीच्या दिवशी कोण काय बोललं, ते तिला तोंडपाठ. त्या पंधरवड्यात तर तिने मला फोन करून, माझ्या आईने तिच्या रुखवताला काय नावं ठेवली होती, त्याची नव्याने आठवण करून दिली. मी डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा आधी त्या पोट धरून हसल्या आणि मग चांगल्याच रागावल्या. विचारल्याशिवाय गोळ्या कुस्करायच्या नाहीत, कुणाची गोळी कुणाच्या पोटात जाऊ द्यायची नाही, हा खेळ नाही, असं त्यांनी बजावलं.

खेळ नव्हताच. मामांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, वाशिंदच्या कारखान्यात आहे आणि तिथेच त्याने फ्लॅट घेतलाय. तो गावी आला, पाटलांच्या तोंडून सगळी हकिकत त्याच्या कानावर गेली आणि त्याने ओटीवरच निकाल दिला. "ताई, तू सांगू नकोस मला. औषध नीट जात नाय, उद्या कुनाचं काय झालं तर? भात झोडून होईपर्यंत बघतो. तोवर नीट चाललं तर ठीक, नायतर घराला कुलूप आन् दोघांना वाशिंदला नेतो." मुलगा वाईट नाही हो, काळजीने बोलत होता. पण मामा एकदा वाशिंदला राहून आले होते. तिथे दारं बंद. मामा चंची घेऊन लिफ्टमध्ये उभे राहिले. लिफ्ट वर जाईल, खाली येईल आणि जो आत शिरेल त्याला सुपारी! लोकांनी सोसायटीत तक्रार केली, की एक म्हातारा लिफ्टमध्ये काहीतरी विकतो. तेव्हापासून मामा फ्लॅटच्या गॅलरीत बसून होते आणि जेवत नव्हते. आठवड्यात परत आणावे लागले. आता तिथे नेलं तर हा माणूस उपाशी मरेल, हे मामीला कळत होतं, मला कळत होतं, आणि मुलाला पटवायला आमच्याकडे भात झोडून होईपर्यंतचाच वेळ होता.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टेबलावर दोन गोष्टी मांडल्या. एकीकडे गोळ्यांची पट्टी आणि दुसरीकडे एक चपटं पाकीट. पाकिटात कातडीवर चिकटवायचा गोल तुकडा होता, त्याला त्या पॅच म्हणत होत्या. त्यांनी मामीला सावकाश सांगितलं. गोळी पोटातून जाते, त्याने मळमळ होऊ शकते, आणि ती खरंच गिळली की नाही हे कळायला मार्ग नाही. पॅचमधलं औषध कातडीतून जातं, दिवसाला एकच लावायचा, अंगावर दिसतो म्हणून लावला की नाही ते कळतं, आणि पोटाला बहुतेकांना सोसतो. पण कातडीला खाज सुटू शकते, रोज जागा बदलावी लागते, नवा लावायच्या आधी जुना काढायलाच हवा, आणि तो कापायचा नाही. कापायचा नाही हे त्या माझ्याकडे बघून दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं त्यामुळे त्या मला कायमच्या आवडल्या. आमच्याकडे पाठ करून त्या मामांना म्हणाल्या, "बाबा, औषध तुमचं आहे. तुम्हाला यातलं कुठलं हवं?"

मामांनी दोन्ही वस्तू निरखून पाहिल्या, गोळ्यांची पट्टी उलटी केली, पाकीट हुंगलं आणि म्हणाले, "ज्यातलं सगल्यांना पुरंल ते द्या."

बाई हसायला गेल्या आणि हसल्या नाहीत. त्यांनी पॅच लिहून दिला.

पहिल्या दिवशी मामीने तो मामांच्या दंडावर लावला आणि ती भाकऱ्या थापायला बसली. मागून मामा आले. तिचे दोन्ही हात पिठात. मामांनी आपल्या दंडावरचा पॅच सोलला, तिच्या दंडावर डकवला आणि वर मायेने थोपटलं. "तुला नाय लावली कोनी," म्हणाले. मामीने तो लगेच काढून टाकला असता, पण ती मला नंतर म्हणाली, "इतक्या वर्सांत दंडाला हात लावून असं कवा बोलले नव्हते गो. ऱ्हाऊ दिली जरा." जरा म्हणता म्हणता दुपार झाली आणि मामी उलट्या करून आडवी पडली! फोनवर डॉक्टर म्हणाल्या, आधी तो काढा आणि जागा साबणाने धुवा. मग मामांच्या बाबतीत म्हणाल्या, की त्यांना पाठीवर वरच्या बाजूला लावा, तिथे हात पोचत नाही.

हात पोचत नव्हता हे खरं, पण मामांना आता संशय आला होता. मी गावी येऊन राहिले होते. मी सकाळी पाकीट फोडलं की ते अडकित्ता पुढे करायचे. मी म्हणायचे, "मामा, हे कापायचं नसतं." मग ते सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावायचे आणि दोन्ही हातांनी कॉलर धरून बसायचे. समजूत घातली, दरडावलं, देवाची शपथ घातली. एक दिवस ते माझ्यावर एवढे ओरडले, की मी लहानपणापासून त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "मना एकल्यालाच का? मी काय पापी हाय? सगली बसलीत आन् मना एकल्याला डाग देता?" डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. मी पाकीट बाजूला ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन रडले. बाहेर भात पिवळं पडलं होतं, कापणी दारात आली होती, आणि औषध पाकिटातच होतं.

वाट निघाली ती मामीच्या अंगठ्यातून. कापणीच्या वेळी विळा लागला आणि तिचा अंगठा चिरला. मी ओटीवर तिला बसवून हळद दाबली आणि वर जखमेवरची साधी चिकटपट्टी लावली. मामा कोपऱ्यात कॉलर धरून बसले होते. ते उठून आले. मामीचा अंगठा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तुला बी लावली?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, "लावली की." मग ते माझ्याकडे वळले. "आन् तुला?" मला काय सुचलं कोण जाणे, मी डब्यातली दुसरी चिकटपट्टी काढून माझ्या मनगटावर लावली आणि दाखवली. मामांनी दोघींचे हात पुन्हा एकदा तपासले, पंगतीत सगळ्यांना वाढलं का हे बघावं तसे, आणि मग सदरा काढून आमच्याकडे पाठ करून बसले. "हं, आता माजी लावा," म्हणाले.

त्या दिवसापासून मामांच्या ओटीवर रोज सकाळी चिकटपट्ट्यांची पंगत बसू लागली. खरे पॅच मामीच्या ट्रंकेत, कुलपात. साध्या चिकटपट्ट्या मामांच्या चंचीत. शेजारचे पाटील यायचे, दूध घालणारी यायची, अंगणवाडीच्या बाई कामावर जाता जाता हात पुढे करून जायच्या. मामा प्रत्येकाला पट्टी लावायचे आणि वर तळवा दाबून धरायचे, कारण पॅच लावताना तळव्याने दाबून धरायचं असतं हे त्यांनी मामीकडून पाहिलं होतं. सगळ्यांची झाली की सदरा उतरवून स्वतः बसायचे. मामी जुना पॅच काढून दुमडायची आणि नवा लावायची. रोज जागा बदलायची म्हणून तिने मामांच्या पाठीची, भाताच्या शेताची पाडतात तशी, खाचरं पाडली होती. "काल वरच्या खाचरात लावली, आज खालच्या. उद्या नदीकडच्या," असं ती पुटपुटायची. नदीकडचं खाचर म्हणजे डावा खांदा. पाटलांचा नातू एकदा म्हणाला, की आजोबांना खरंच गुडघ्याला बरं वाटतंय. पाटलांनी पट्टी गुडघ्याला लावून घ्यायला सुरुवात केली होती.

भात झोडून झालं आणि ठरल्याप्रमाणे मामेभाऊ जीप घेऊन आला. ओटीवर बघतो तर सात-आठ माणसं ओळीने बसलेली, कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या गुडघ्याला, आणि मध्ये त्याचे वडील उघड्या पाठीने. तो भडकलाच. "ताई, काय सर्कस लावलीय ही? लोक हसतात आपल्यावर!" मी त्याला समजावणार, तेवढ्यात मामांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं नाव त्यांना आठवेना. दोनदा तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. मुलाच्या ते लक्षात आलं आणि तो जिथल्या तिथे उभा राहिला. मामांनी सरकून चटईवर जागा केली. "बस रे. तुजी ऱ्हायलीय." तो बसला. मामांनी त्याच्या हातावर पट्टी लावली, तळवा दाबून धरला, आणि बराच वेळ सोडला नाही. मामेभाऊ मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या नाकावरून पाणी टपटप चटईवर पडत होतं. जीप रिकामीच परत गेली. हातावरची पट्टी बघून कारखान्यात सगळ्यांनी विचारलं, तर म्हणे त्याने सांगितलं, "घरचा प्रसाद हाय." तेव्हापासून दर महिन्याला वाशिंदहून चिकटपट्ट्यांचा खोका येतो.

आता कुणी विचारील, औषधाचा उपयोग झाला का? झाला असावा. मामा ओटीवर राहिले, जेवत राहिले, वाटे करत राहिले. डॉक्टरांनी टिकेल म्हटलं होतं, तसं पुष्कळ टिकलं. पण त्यांनी हेही सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही. हळूहळू मामांच्या आठवणीतून पाटील गेले त्यांच्या नावासकट, दूधवाली गेली, गोठा गेला. मामीला ते अजून ओळखतात, निदान ती तसं म्हणते. मला वाटायचं, आपण ओळखीतून जाणार नाही. आपण तर आक्काची पोर!

परवा गेले होते. खोका यायला उशीर झाला होता आणि चंचीत एकच चिकटपट्टी शिल्लक होती, असं मामीने दारातच सांगितलं. मामा ओटीवर होते. मामीने विचारलं, "ओलखलं का, कोन आलंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अवघडल्यासारखे हसले आणि सरकून जागा केली. "पावनी हाय," म्हणाले. "बसा." मला अहोजाहो! मी बसले. मी काय करणार होते? पाहुणी म्हणून बसले.

मामांनी चंचीतून ती एकुलती एक पट्टी काढली. मग अडकित्ता काढला आणि पट्टी मधोमध कापली. भाग अगदी सारखे झाले. एक अर्धा त्यांनी माझ्या मनगटावर लावला, वरून तळवा दाबला आणि तो तसाच ठेवला. चुना, कात, तंबाखू, सगळा वास होता. दुसरा अर्धा त्यांनी स्वतःला लावला नाही. जपून घडी घालून तो चंचीच्या शेवटच्या कप्प्यात ठेवला.

मी विचारलं, "तो कुणाचा?"

"आक्काच्या बायचा," मामा म्हणाले. "सालेत गेलीय. आता येल, वलनावर दिसल."

मामी काही बोलायला गेली, मी तिला हातानेच थांबवलं. मामांचा तळवा अजून माझ्या मनगटावर होता. ते वळणाकडे बघत होते. मग मीही त्यांच्याबरोबर वळणाकडे बघत बसले.